प्लॅस्टिक कचऱ्याचे उघड्यावरील विघटन व प्रारणाचा वापर : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा : प्लॅस्टिक उन्हात ठिसूळ होते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. हीच क्रिया गॅमा किरण अथवा इलेक्ट्रॉन शलाका यांच्या साहाय्याने वेगवान करता येईल काय, आणि तसे केल्यास उघड्यावर पडलेला कचरा खरोखर नाहीसा होईल काय, या दोन प्रश्नांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. दुसऱ्याचे तसे नाही, आणि लेखाचा भर त्यामागील कारणांवर आहे.

बीजसंज्ञा : प्रारण, पॉलिथिन, प्रकाश-ऑक्सिडीकरण, सूक्ष्म प्लॅस्टिक, खारेपाट.

प्रास्ताविक

पेण शहर आणि त्याच्या परिसरातील हमरापूर, जोहे या गावांतून पावसाळ्याच्या तोंडावर जाणाऱ्यास सर्वप्रथम दिसतात ती निळी ताडपत्रे. गणेशमूर्तींच्या कारखान्यांच्या शेडवर, पडव्यांवर, वाळत घातलेल्या मूर्तींवर ती पसरलेली असतात. हे कापड विणलेल्या पॉलिथिनच्या पट्ट्यांचे असते. पहिल्या पावसाळ्यात ते पाणी थेंबभरही आत येऊ देत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचा निळा रंग विटतो, दोरी बांधलेल्या कोपऱ्यांना चिरा जातात. त्यानंतर कधीतरी ते ओढून काढू गेल्यास हातात कापडाऐवजी निळ्या-पांढऱ्या कपच्या येतात व उरलेले वाऱ्याबरोबर शेतात जाते. पूर्वी या भागात पावसात शेतकरी इरले वापरीत. ते जुने झाले की चुलीत किंवा उकिरड्यावर जाई आणि पुढच्या वर्षी त्याचे खत होई. ताडपत्राच्या कपच्यांचे पुढे काय होते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वळले ते वर्गातील एका प्रश्नामुळे. पदवी वर्गांना अनिवार्य असलेला ‘पर्यावरण अभ्यास’ हा विषय शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, ऊन लागून ताडपत्री दोन वर्षांत फुटते. मग ट्रॉम्ब्याला एवढे किरण आहेत, ते मारून सगळे प्लॅस्टिक एका दिवसात का फोडत नाहीत?” प्रश्न भाबडा वाटला तरी शास्त्रीयदृष्ट्या तो मुळीच भाबडा नाही. ऊन आणि गॅमा किरण ही दोन्ही प्रारणेच आहेत, आणि दोहोंमुळे प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. हा प्रश्न रायगड जिल्ह्यात विचारला जावा यालाही एक औचित्य आहे. पेण आणि रोहा यांच्या दरम्यान, रोहे तालुक्यातच, नागोठणे येथे इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनचा वायुभंजन प्रकल्प १९९० च्या सुमारास उभा राहिला. २००२ मध्ये निर्गुंतवणुकीद्वारे तो रिलायन्स समूहाकडे गेला आणि २००७ मध्ये कंपनीचे विलीनीकरण झाले. मुंबई हाय येथील नैसर्गिक वायूपासून मिळणाऱ्या घटकांचे भंजन करून तेथे एथिलीन, आणि एथिलीनपासून पॉलिथिनचे दाणे तयार होतात. म्हणजे ज्या पदार्थाचा अंत कसा होतो हे आपण पाहणार आहोत, त्याचा जन्मही याच तालुक्यात होतो. आणि ज्या यंत्रांनी तो अंत त्वरित घडवता येईल असे म्हटले जाते, त्यांतील काही यंत्रे याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, खारघर येथे आहेत.

प्रारण आणि किरणोत्सर्ग : एक आवश्यक भेद

‘किरण’ म्हटले की सामान्य वाचकाच्या मनात भीती उभी राहते, म्हणून आरंभीच एक खुलासा करणे इष्ट ठरेल. ऊर्जेचे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी लहरींच्या किंवा कणांच्या रूपाने होणारे वहन म्हणजे प्रारण. दिव्याचा प्रकाश, चुलीची धग, क्ष-किरण ही सर्व प्रारणेच होत. किरणोत्सर्ग हा त्याहून वेगळा शब्द आहे. काही अस्थिर अणुकेंद्रके स्वतःहून फुटतात व प्रारण बाहेर टाकतात, त्या घटनेला तो लावतात. कोबाल्ट-६० हे असे एक किरणोत्सर्गी द्रव्य असून त्यातून गॅमा किरण बाहेर पडतात. परंतु त्या किरणांखालून गेलेली वस्तू स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, जसे उन्हात ठेवलेले वाळवण स्वतः सूर्य होत नाही. लासलगाव येथे २००३ पासून सुरू असलेल्या ‘कृषक’ या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांची मात्रा देतात. २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूस आंबाही तेथे प्रारणित होऊ लागला. तो कांदा व तो आंबा लोक खातात.

मात्रेचे एकक ‘ग्रे’ हे आहे. एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे एक ग्रे मात्रा झाली. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे पुरतात. इंजेक्शनच्या सिरिंज निर्जंतुक करण्यासाठी २५ किलोग्रे, म्हणजे पंचवीस हजार ग्रे लागतात. प्लॅस्टिकच्या गुणधर्मांत लक्षणीय बदल घडविण्यासाठी मात्रा बहुधा १०० किलोग्रेच्या घरात न्यावी लागते. मनुष्याच्या संपूर्ण शरीराला एकदम मिळालेली चार-पाच ग्रे मात्रादेखील उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते, हा आकडा पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावा.

उन्हात प्लॅस्टिकचे काय होते

पॉलिथिनचा रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची एक लांब साखळी. प्रत्येक कार्बनला दोन हायड्रोजन चिकटलेले. दोन कार्बनमधील बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. सूर्यप्रकाशातील जो अतिनील भाग ओझोनच्या थरातून पार होऊन जमिनीपर्यंत पोहोचतो त्याची तरंगलांबी साधारण २९० ते ४०० नॅनोमीटर असते. ३०० नॅनोमीटरच्या प्रकाशकणात मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा असते. हिशेब पाहता एवढा प्रकाश हा बंध तोडण्यास पुरेसा आहे. प्रत्यक्षात मात्र शुद्ध पॉलिथिन हा प्रकाश शोषतच नाही. तो त्यातून आरपार निघून जातो. दाराशी आलेल्या पाहुण्याने कडी वाजवावी आणि घरात कडी उघडणारे कोणीच नसावे, तसा हा प्रकार आहे.

कडी उघडणारे असतात ते दोष. दाणे वितळवून फिल्म काढताना उष्णतेमुळे साखळीत ठिकठिकाणी ऑक्सिजन शिरतो व कार्बोनिल आणि हायड्रोपेरॉक्साइड नावाचे गट तयार होतात. उत्प्रेरकाचे अवशेषही मागे राहिलेले असतात. हे गट अतिनील प्रकाश शोषतात, फुटतात आणि मुक्त मूलके निर्माण करतात. मुक्त मूलक म्हणजे ज्याचा एक इलेक्ट्रॉन एकटा पडला आहे असा रेणूचा तुकडा. तो अत्यंत अस्वस्थ असतो. तो हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून शेजारच्या साखळीतील हायड्रोजन ओढून घेतो. त्यातून नवे हायड्रोपेरॉक्साइड आणि नवे मूलक तयार होते, आणि क्रिया पुढे चालू राहते. म्हणूनच नवे ताडपत्र वर्षभर काहीच न झाल्यासारखे दिसते व पुढे एकाएकी झपाट्याने मोडते. आरंभीचा काळ हा दोष साठण्याचा असतो. उत्पादक त्यात प्रतिऑक्सिडीकारके व अतिनील-स्थिरीकारके घालतात ती हा काळ लांबविण्यासाठीच. पाण्याचे काळे पाइप दीर्घकाळ टिकतात याचे कारण त्यांतील काजळी प्रकाश आत शिरू देत नाही.

पॉलिप्रॉपिलीनमध्ये प्रत्येक एकाआड एका कार्बनवर एक जादा मिथिल गट असतो. त्या ठिकाणचा हायड्रोजन सैल धरलेला असल्याने तो लवकर सुटतो. परिणामी स्थिरीकारक नसलेले पॉलिप्रॉपिलीन पॉलिथिनपेक्षा पुष्कळच आधी ठिसूळ होते. सिमेंटच्या व खताच्या विणलेल्या गोण्या बहुधा याच प्लॅस्टिकच्या असतात. बांधावर उन्हात पडलेली गोणी उचलू जाता तिचे धागे सुटून येतात, हे खारेपाटातील प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. थर्माकोल, अर्थात पॉलिस्टायरीन, उन्हात पिवळे पडते व त्याचा पृष्ठभाग भुकटीसारखा सुटतो. गणेशोत्सवातील मखरांसाठी त्याचा होणारा वापर राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्रतिबंधित झाला, हा संदर्भ पेणच्या वाचकास नव्याने सांगावयास नको.

येथे एक स्थानिक बाब नोंदवली पाहिजे. ही सर्व क्रिया घडण्यास अतिनील प्रकाश, ऑक्सिजन आणि उष्णता यांपैकी एकही कमी पडून चालत नाही. कोकणातील उघड्या छपरावर तिन्ही विपुल असतात. परंतु आपल्याकडचा कचरा छपरावर राहत नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पाण्याबरोबर पेणचा कचरा भोगावतीत, नागोठण्याचा अंबा नदीत आणि तेथून धरमतरच्या खाडीत जातो. रोह्याचा कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीकडे वाहतो. खाडीत कांदळवनाच्या मुळ्यांना पिशव्या अडकतात, त्यांवर चिखल बसतो. काही सेंटिमीटर खाली त्या चिखलात प्रकाश नाही आणि ऑक्सिजनही जवळपास नाही. छपरावर दोन वर्षांत मोडणारे प्लॅस्टिक तेथे किती काळ टिकून राहील याचा अंदाज बांधणेही कठीण आहे.

गॅमा किरण व इलेक्ट्रॉन शलाका यांचे कार्य

कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा सरासरी सव्वा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ३०० नॅनोमीटरच्या प्रकाशकणाची सुमारे चार. म्हणजे एक गॅमा कण उन्हातील अतिनील कणाच्या सुमारे तीन लाखपट बलवान आहे. त्याला कडी उघडणाऱ्याची गरज नसते. तो दार फोडूनच आत येतो. रेणूत दोष असोत वा नसोत, वाटेत येणारे इलेक्ट्रॉन तो उडवतो आणि पदार्थाच्या संपूर्ण जाडीत मुक्त मूलके निर्माण होतात. ताडपत्राला ज्या अवस्थेस येण्यास एक-दोन वर्षे लागतात, ती अवस्था अशा रीतीने काही तासांत आणता येते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा पहिला भाग म्हणूनच बरोबर होता.

मात्र निर्माण झालेली मूलके पुढे काय करतील हे परिस्थितीवर अवलंबून असते, आणि या ठिकाणी विषय रंजक होतो. शेजारच्या दोन साखळ्यांवरील मूलके एकमेकांना भेटली तर त्या साखळ्या आडव्या बंधाने जोडल्या जातात. मूलकास आधी ऑक्सिजन भेटला तर साखळी तुटते. ऑक्सिजनविरहित स्थितीत पॉलिथिनमध्ये पहिली क्रिया वरचढ ठरते, आणि प्लॅस्टिक कमकुवत होण्याऐवजी अधिक मजबूत व उष्णतारोधक बनते! इंग्लंडमधील हार्वेल येथील अणुभट्टीत ठेवलेल्या पॉलिथिनमध्ये हा परिणाम आर्थर चार्ल्सबी यांनी १९५२ मध्ये दाखवून दिला. विजेच्या तारांची उष्णता सहन करणारी आवरणे आणि तापविल्यावर आक्रसून घट्ट बसणाऱ्या नळ्या आज याच तत्त्वावर तयार होतात. त्यामुळे ‘किरण मारले की प्लॅस्टिक मोडते’ हे विधान सरसकट करणे चुकीचे आहे. इलेक्ट्रॉन शलाका काही सेकंदांत संपूर्ण मात्रा देते. तेवढ्या वेळात पदार्थातील ऑक्सिजन संपून जातो व बाहेरचा आत पोहोचत नाही, म्हणून तेथे आडवे बंध अधिक होतात. कोबाल्टचा स्रोत तीच मात्रा तासन्‌तास देतो. त्या अवधीत हवा आत झिरपत राहते आणि पातळ फिल्म असल्यास विच्छेद वाढतो. वेगवान यंत्र या कामासाठी कमी सोयीचे आणि संथ स्रोत अधिक सोयीचा, असा हा काहीसा उलटा न्याय आहे. थर्माकोलची गोष्ट निराळीच. त्याच्या रेणूतील बेंझीनचे वलय आलेली ऊर्जा वाटून घेते व साखळी वाचवते. म्हणून उन्हात पिवळे पडणारे थर्माकोल गॅमा किरणांना मात्र चांगलेच दाद देत नाही.

प्रारण थांबल्यावरही क्रिया थांबत नाही, हे विशेष. प्लॅस्टिकच्या स्फटिकमय भागात काही मूलके अडकून राहतात व महिनोन्‌महिने सावकाश ऑक्सिजनशी संयोग पावत राहतात. याचा अनुभव वैद्यकीय क्षेत्राने आधीच घेतला आहे. भारतात ट्रॉम्बे येथे १९७४ मध्ये ‘आयसोमेड’ हा वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. अशा प्रकल्पांतून गेलेल्या साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या वस्तू पिवळ्या पडतात व साठवणुकीत ठिसूळ होतात असे आढळल्याने सिरिंजसाठी प्रारणास तोंड देणारी खास प्रत विकसित करावी लागली. कृत्रिम सांध्यांतील पॉलिथिनचे भाग हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्यास पाकिटातच हळूहळू ऑक्सिडीकृत होतात, हे उमगल्यावर १९९० च्या दशकात ते निष्क्रिय वायूत बंद करण्याची पद्धत आली. तेथे जो दोष मानला गेला तोच कचऱ्याच्या बाबतीत गुण ठरावा, अशी ही कल्पना आहे : पिशवीला एकदा मात्रा द्यावी, बाहेर टाकावी, आणि उर्वरित काम ऊन-वाऱ्याने पूर्ण करावे.

पेण आणि रोहा : एक अंदाजी हिशेब

कल्पना तपासण्याचा उत्तम मार्ग म्हणजे हिशेब मांडणे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ४१ लाख टन प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला. लोकसंख्येने भागल्यास माणशी वर्षाला साधारण ३ किलोग्रॅम येतात. पेण व रोहा या दोन नगरपरिषद क्षेत्रांची मिळून लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास धरली, तर वर्षाचा कचरा १८० टन, म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा टन होतो. मूर्तिकारखाने, पोहे-पापडांचे उद्योग आणि धाटावची औद्योगिक वसाहत यांचा भार यात वेगळा धरलेला नाही. प्रत्यक्ष आकडा अधिक असणार.

आता यंत्राकडे पाहू. खारघर येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉन शलाका केंद्रात १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा व १० किलोवॅट क्षमतेचा एक त्वरक उभारण्यात आला. तेवढ्याच क्षमतेचे एक यंत्र केवळ कचऱ्यासाठी मिळाले असे समजू. १० किलोवॅट म्हणजे सेकंदाला १० किलोज्यूल. १०० किलोग्रे मात्रेस किलोग्रॅममागे १०० किलोज्यूल लागतात. निम्मी ऊर्जा वाया जाते असे मानले तरी तासाला १८० किलोग्रॅम प्लॅस्टिक त्याखालून जाऊ शकेल. दोन्ही शहरांचा दिवसाचा अर्धा टन कचरा तीन तासांच्या आत संपेल.

हे उत्तर पाहून प्रस्तुत लेखकालाही आरंभी आश्चर्य वाटले होते. अडचण यंत्राच्या क्षमतेत असेल अशी अपेक्षा होती. ती तेथे नाही.

अडचण कोठे आहे

हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे : कचरा यंत्रापर्यंत आला. इलेक्ट्रॉन त्वरक असो वा कोबाल्टचा स्रोत, दोन्ही जाड काँक्रीटच्या भिंतींआड बंदिस्त ठेवावे लागतात. ज्या मात्रेने पिशवी मोडावयाची तिच्या अत्यल्प अंशानेही मनुष्य दगावतो. दिल्लीतील मायापुरी येथे एप्रिल २०१० मध्ये विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील जुने गॅमा उपकरण भंगारात गेले, त्यातील कोबाल्ट उघडा पडला आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. भोगावतीच्या काठावर किंवा कांदळवनात पडलेल्या कचऱ्यावर किरण ‘फवारणे’ हा विचारही म्हणून संभवत नाही. उघड्यावर काम करू शकणारे प्रारण एकच, ते म्हणजे ऊन.

तेव्हा प्लॅस्टिक आधी गोळा करावे लागेल, त्यातील माती-पाणी काढावे लागेल, प्रकारवार निवडावे लागेल, गठ्ठे करून वाहून न्यावे लागेल. इतके सर्व केल्यावर ते प्रारणित करून पुन्हा उघड्यावर का टाकावे? कचरा व्यवस्थापनातील सर्वांत कष्टाचा व खर्चाचा भाग तोपर्यंत पार पडलेला असतो. निवडलेले, स्वच्छ प्लॅस्टिक हाती असताना त्याचा पुनर्वापर करणे सोपे. भुकटी करून वाऱ्यावर सोडणे हे कष्टावर पाणी ओतण्यासारखे होय. ‘उघड्यावरील विघटनास प्रारणाची जोड’ या कल्पनेतील मूळ विसंगती माझ्या मते हीच आहे. ज्या कचऱ्याला तिची गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही, आणि ज्याच्यापर्यंत पोहोचते त्याला तिची गरज उरत नाही.

यातून एक पळवाट शोधली गेली. प्लॅस्टिक तयार करतानाच त्यात उन्हाला पकडण्याजोगे गट घालून ठेवावेत, म्हणजे नंतर ते कोठेही पडले तरी ऊन आपले काम लवकर करील. एथिलीनच्या साखळीत कार्बन मोनॉक्साइडचे रेणू गुंफून कार्बोनिल गट आणता येतात. अमेरिकेत पेयांचे डबे एकत्र धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या कड्यांत पक्षी व जलचर अडकत, म्हणून १९८८ मध्ये तेथे अशा कड्या विघटनशील असाव्यात असा कायदा झाला आणि त्यासाठी हे प्लॅस्टिक वापरले गेले. ते उचितच होते. कडी तुटली की गळ्यातील फास सुटतो. दुसरा मार्ग लोह, मँगनीज, कोबाल्ट यांसारख्या धातूंचे क्षार मिसळण्याचा. येथील कोबाल्ट साधा, किरणोत्सर्गी नव्हे. अशा ‘ऑक्सो-विघटनशील’ पिशव्या बाजारात पर्यावरणस्नेही म्हणून मिरवल्या गेल्या. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशान्वये त्यांवर बंदी आणली व ती जुलै २०२१ पासून लागू झाली. पिशवी मोडत होती याबद्दल वाद नव्हता. आक्षेप होता तो मोडून झालेल्या तुकड्यांबाबत.

मोडणे आणि संपणे

सेंद्रिय पदार्थ खऱ्या अर्थाने संपला असे केव्हा म्हणावे? त्यातील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला, हायड्रोजनचे पाणी झाले आणि काही भाग जिवाणूंच्या देहात सामावला, तेव्हाच. यास खनिजीकरण म्हणतात. इरल्याची पाने उकिरड्यावर वर्षभरात या अवस्थेला पोहोचतात. पॉलिथिनची साखळी जिवाणूंच्या पेशीत शिरण्यास फारच लांब असते. ऑक्सिडीकरणाने तिचे पुरेसे आखूड तुकडे होईपर्यंत त्यांना तिचा उपयोग नाही. ताडपत्र हातात चुरगळले जाते तेव्हा साखळीचा रेणुभार पुष्कळ घटलेला असतो. परंतु बहुतांश साखळ्या जिवाणूंच्या आवाक्याबाहेरच असतात. ठिसूळपणा फार लवकर येतो, पाचकता फार उशिरा.

स्वीडनमध्ये ॲन-क्रिस्टीन आल्बर्टसन यांनी १९७० च्या दशकापासून कार्बन-१४ ने चिन्हांकित केलेले पॉलिथिन मातीत ठेवून त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजला. या पद्धतीत पदार्थ दिसेनासा झाला की खरोखर संपला हे निःसंदिग्धपणे कळते. दहा वर्षांनंतरही न-प्रारणित पॉलिथिनचा अगदी नगण्य भाग वायुरूप झाला होता. आधी अतिनील प्रकाश दिलेल्या नमुन्यांत हे प्रमाण निश्चितपणे अधिक होते, पण तेही थोड्या टक्क्यांपलीकडे गेले नाही. प्रारणाच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही युक्तिवाद या एका प्रयोगात सामावलेले आहेत. प्रारणाने वेग वाढतो हे खरे. वाढूनही तो मनुष्याच्या आयुष्याच्या मानाने तोकडाच राहतो.

मधल्या अवस्थेतील पाच मिलीमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. प्रारणाने मोडण्याचा टप्पा वेगवान केला आणि पचनाचा टप्पा तसाच राहिला, तर मधल्या टप्प्यात साठा वाढणार, हे साधे अंकगणित आहे. खारेपाटात याचा अर्थ काय होतो? पेण तालुक्यात खाडीच्या भरतीचे पाणी बांध घालून अडवून भातशेती केली जाते, आणि शेताकडेच्या तळ्यांत शेतकरी जिताडा पाळतात. जिताड्याचे पिल्लू खाडीतून येते व तळ्यातील लहान मासे, कोळंबी खाऊन वाढते. संपूर्ण पिशवी तळ्यात पडली तर ती बांबूने काढता येते. तिची भुकटी झाल्यावर ती काढण्याचे साधन कोणत्याही शेतकऱ्याजवळ नाही. कोळंबी गाळ चाळून खाते, आणि कोळंबीला जिताडा खातो. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा बांध हा खरोखर स्वच्छ असेलच असे नाही.

या संदर्भात कायद्याचा रोख पाहण्यासारखा आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात पिशव्यांनी गटारे तुंबल्याचा अनुभव आल्यानंतर महाराष्ट्र शासनाने २००६ च्या नियमांद्वारे ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले. पिशवी जाड असली की तिला भंगारात किंमत येते, ती उचलली जाते, असा त्यामागील विचार होता. २०१८ मध्ये पिशव्यांवरच बंदी आली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापराच्या ठरावीक वस्तूंवर बंदी घातली आणि पिशवीची किमान जाडी त्याच वर्षअखेरीपासून १२० मायक्रॉन केली. विघटनाचे पुरस्कर्ते प्लॅस्टिक दुबळे व्हावे म्हणतात, कायदा ते दणकट व्हावे म्हणतो. हे दोन विचार एकाच वेळी अमलात आणता येणार नाहीत. अंमलबजावणीतील त्रुटी आपण बाजारात रोज पाहतो, तरीही दिशा कायद्याची बरोबर आहे असे मला वाटते.

प्रारणाचा उचित उपयोग

वरील विवेचनावरून प्रारण तंत्रज्ञान या क्षेत्रात निरुपयोगी आहे असा ग्रह होऊ नये. गोळा झालेल्या कचऱ्यासाठी, बंद आवारात, त्याचे मोल आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या ‘न्यूटेक प्लॅस्टिक्स’ या उपक्रमाचा रोख नेमका तिकडेच आहे : प्रारणाच्या साहाय्याने निरनिराळ्या प्लॅस्टिकांच्या मिश्रणाचा पुनर्वापर सुलभ करणे, लाकडाच्या भुश्शाशी त्याचे बंध जुळवून फळ्या बनविणे, आणि समुद्रातील सूक्ष्म प्लॅस्टिकचा मागोवा घेण्यासाठी समस्थानिकांचे तंत्र वापरणे. टेफ्लॉनचे तुकडे प्रारणित करून त्यांची बारीक भुकटी करणे व ती वंगणात अथवा शाईत वापरणे हा तर जुना, प्रस्थापित उद्योग आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक गॅमा किरणांखाली ठेवून त्याची पूड सिमेंटमध्ये मिसळली. प्रारणित पुडीने मिश्रणाची ताकद वाढल्याचे त्यांना आढळले. या प्रत्येक उदाहरणात भुकटी कशात तरी बांधलेली राहते, हा भेद महत्त्वाचा आहे.

महाविद्यालयीन पातळीवर मात्र याहून साधे व आपल्या आवाक्यातील काम आहे. स्थानिक बाजारातील ताडपत्र, गोणी व पिशवी यांच्या समान मापाच्या पट्ट्या कापाव्यात. एक संच गच्चीवर, एक सावलीत, एक खाडीच्या चिखलात पुरून ठेवावा. दसऱ्यापासून पुढील मृगापर्यंत दर महिन्याला एक पट्टी काढून तिला टांगलेल्या वजनाने ती कोणत्या भाराला तुटते हे नोंदवावे. ताण-चाचणीचे यंत्र नसले तरी वाळूची बादली पुरते. सोय असल्यास जवळच्या विद्यापीठात अवरक्त वर्णपटाने कार्बोनिल गटांची वाढ तपासून घ्यावी. यातून एक अत्यंत व्यावहारिक गोष्ट हाती येईल : आपल्या भागातील उन्हात कोणते ताडपत्र किती महिन्यांनी इतके दुबळे होते की ते अखंड उतरविता येत नाही. त्या महिन्याच्या आधी ते छपरावरून काढले, तर ते एका घडीत भंगारवाल्याकडे जाते. मूर्तिकारखान्यांत ही वेळ बहुधा अनंत चतुर्दशीनंतरची असावी. त्या सुमारास मूर्ती गेलेल्या असतात, शेड रिकाम्या असतात आणि पुढच्या उन्हाळ्याचे ऊन अजून लागलेले नसते.